हिमालयात पाऊस नसतानाही दरड का कोसळते? आई-बाबांची चारधाम कधी करावी?

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी आई-बाबांना चारधाम करवून आणायची आहे. बाबा बहात्तर वर्षांचे, आई अडुसष्ट. दोघांचे गुडघे सोडले तर बाकी ठणठणीत.

प्रश्न महिन्याचा आहे. घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतो अक्षय्य तृतीयेला दारं उघडली की लगेच मे मध्येच जाऊन या, पावसाच्या आत. शेजारचे काका म्हणतात मे-जूनला बर्फ वितळत असतं, डोंगर ओला असतो, दसरा ते दिवाळीच्या मधे जा.

आपल्या भागात हिशेब सरळ आहे. जांबोटीच्या पुढे चोर्ला घाट घ्या, आंबोली घ्या, जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागली की दरड येणार. पाऊस थांबला की विषय संपला. पण उत्तराखंडात चमोलीला कडा सुटून नदीला लोंढा आला, ती दुर्घटना ७ फेब्रुवारी २०२१ ची. फेब्रुवारीत कसला आलाय पाऊस? सिक्कीमचं सरोवर फुटलं ऑक्टोबरमध्ये. केदारनाथ जूनमध्ये. मग तिथे ऋतूचा हिशेब लागतो की नाही? जाणकारांनी सांगावं. नुसतं 'देवावर भरवसा ठेवा' नको, तो आहेच.

चंदगडी_पाऊस

वाचतोय. आधी दोघांची हृदयाची तपासणी करून घ्या, मग डोंगर.

खानापूर_फौजी

ऋतूचा हिशेब लागतो. पण त्या डोंगरात घड्याळाचाही लागतो, हे आपल्याकडच्या माणसाला चटकन पटत नाही.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. लडाख आणि उत्तर सिक्कीम, दोन्हीकडे राहिलो. ताफा निघायचा तो पहाटे अंधारात. नव्या पोरांना वाटायचं, सुभेदारसाहेब उगाच थंडीत उठवतात. रात्रभरच्या गारठ्याने उतार आखडून बसलेला असतो. भेगांतलं पाणी गोठलेलं, ओढा पोटरीइतका. ऊन चढलं की तोच उतार सैल पडायला लागतो. दहा-साडेदहाच्या सुमारास पहिला खडा येतो, सुपारीएवढा, टप टप उड्या मारत. नवखा माणूस त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. जुना माणूस तिथेच ब्रेक मारतो, कारण त्याच्या मागून काय येतंय ते वर बघितल्याशिवाय कळत नाही.

'शूटिंग स्टोन' अशी पाटी असते तिथे सीमा सडक संघटनेचा एखादा मजूर शिट्टी घेऊन उभा केलेला असायचा. तो माणूस रस्त्याकडे बघतच नाही. मान वर, डोळे उतारावर. शिट्टी वाजली की गाडी जिथे असेल तिथे थांबवायची, दुसरी वाजली की एकेक गाडी सोडायची. आमच्या ड्रायव्हर लोकांचा देवानंतर त्याच्यावरच विश्वास.

दुपारी तीन-चारला तोच ओढा कमरेच्या वर, पाणी राखाडी. आणि एक गोष्ट सांगून ठेवतो. ओढा वाढला तर माणूस सावध होतोच. पण भर दुपारी ओढा एकाएकी आटला तर जास्त घाबरायचं. वर कुठेतरी दरड पडून पाणी तुंबलेलं असतं, आणि ते कधी सुटेल सांगता येत नाही.

हे सगळं निरभ्र आकाशाखाली चालतं. थेंबभर पाऊस नाही.

येळ्ळूरकर

फौजीकाका, लिहीत राहा की हो. कामं सोडून वाचूलालोय.

खडकवेडी

काकांनी जे डोळ्यांनी पाहिलं त्याचं कारण सांगते. माझं शिक्षण भूशास्त्रातलं, माहेर शहापूरचं, आता कामानिमित्त बाहेर असते.

आपल्या घाटात उतार कोसळतो तो पाण्याने. झिजलेल्या खडकावर मातीचा, मुरमाचा जाड थर असतो. पाऊस मुरला की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, मातीची पकड सुटते आणि थर खाली येतो. ३० जुलै २०१४ ला माळीणला हेच झालं, १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळियेला हेच.

थंड डोंगरात या हिशेबात तापमानाची भर पडते. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली रोजची, काकांनी सांगितलेली. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. दिवसा भेगेत शिरायचं, रात्री गोठून भेग रुंदवायची, दुसऱ्या दिवशी वितळून दगड मोकळा करायचा. यातून पडतात ते सुटे दगड, लहान दरडी.

दुसरी ऋतूची. हिवाळाभर साठलेलं बर्फ वसंतात उतरतं आणि सगळं पाणी थोड्या आठवड्यांत जमिनीत जातं. खालचा थर अजून गोठलेला असेल तर पाण्याला खाली वाट नाही, मग वरची ओली माती त्याच्यावरून घसरते.

तिसरी दशकांची, आणि मला काळजी हिची वाटते. उंचावर जमीन आणि खडक बारा महिने गोठलेले असतात. सलग दोन वर्षं किंवा जास्त शून्याखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. हिमालयात ढोबळमानाने साडेचार-पाच हजार मीटरच्या वर, उतार सावलीत असेल तर त्याच्याही खाली. तिथले कडे उभे आहेत ते भेगांतल्या बर्फाच्या आधारावर, दगडी बांधकाम चुन्यावर उभं असावं तसे. हे बर्फ पूर्ण वितळायची गरजच नसते. तापत तापत शून्याच्या एक-दीड अंश खालपर्यंत पोचलं तरी ते मऊ पडतं आणि त्याची पकड जाते. शिवाय उष्णता खडकात फार सावकाश शिरते. वरचे दोन-चार मीटर त्याच उन्हाळ्यात प्रतिसाद देतात, पण शंभर मीटर आतली भेग कित्येक दशकांपूर्वी सुरू झालेल्या तापमानवाढीचा परिणाम आज दाखवते. म्हणून मोठा कडा कधी पडेल ते त्या दिवशीच्या हवेवरून ओळखता येत नाही. फेब्रुवारीतही पडतो.

चमोलीत तेच झालं. रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि हिमनदीचं बर्फ एकदम सुटलं, जवळपास १८०० मीटर खाली दरीत आलं. त्यात ८० टक्के खडक, २० टक्के बर्फ. पडताना घर्षणाने इतकी उष्णता झाली की जवळजवळ सगळं बर्फ वितळलं आणि त्या पाण्यानेच पुढे लोंढा झाला. टीव्हीवर पहिले दोन दिवस 'हिमनदी फुटली' चाललं होतं. आधीची काही वर्षं तो भाग सरकत होता, उपग्रहाच्या चित्रांत भेग दिसत होती. बघणारं कुणी नव्हतं.

गडगा

ताई, माहिती भारी आहे. पण मी जांबोटी भागात रस्त्यांची कामं केलीत, म्हणून थोडं वेगळं बोलतो.

डोंगराचा पाय कापला की डोंगर येतो. याला हवामानबदल लागत नाही. उतार सरळ उभा कापायचा, वर पाण्याला चर नाही, खाली भिंतीत पाणी जायला भोकं ठेवायची नाहीत, आणि काढलेली माती दरीत ढकलायची. मग पहिल्या पावसाला आलं खाली की म्हणायचं 'अतिवृष्टी झाली'. चारधामचा जवळजवळ ९०० किलोमीटरचा रस्ता रुंद केला, बोगदे पाडले, धरणं बांधली. हे सगळं हवामानाच्या नावावर खपवलं तर जबाबदारी कुणाचीच राहत नाही. मला त्याची चीड येते.

मार्कंडेय

गडगा यांच्याशी शंभर टक्के सहमत.

खडकवेडी

@गडगा, रस्त्याकडेच्या दरडींबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि यात्रेकरूच्या वाट्याला त्याच दरडी जास्त येतात. पण रोंतीच्या उतारावर साडेपाच हजार मीटरवर ना रस्ता होता, ना बोगदा, ना झाडतोड. तो कडा आपला आपण सुटला.

माणसाचा भाग सुरू होतो तो खाली. त्या लोंढ्याच्या वाटेत ऋषिगंगेचा वीजप्रकल्प होता, पुढे तपोवनचा. दोनशेच्या वर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यांतले बहुतेक त्या प्रकल्पांवरचे कामगार होते. कित्येक जण बोगद्यात अडकले. काठावर रैणी गाव आहे, १९७४ मध्ये गौरादेवींच्या मागे उभं राहून बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या ते चिपकोचं रैणी. त्या गावाने जंगल राखलं होतं, आणि पन्नास वर्षांच्या आत वरून हे आलं. मला ते वाचताना फार वाईट वाटलं होतं.

तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवू या. डोंगर का सुटला, आणि खाली माणसं का मेली. पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा हवामानात सापडतं, दुसऱ्याचं क्वचितच.

गडगा

हे पटलं. दुसऱ्या प्रश्नावर मी कुणालाही सोडणार नाही मात्र. जोशीमठ तर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, हे १९७६ मध्येच मिश्रा समितीने लिहून दिलं होतं, मोठी बांधकामं करू नका म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये घरांना भेगा पडल्या तेव्हा सगळ्यांना तो अहवाल आठवला.

कॅसलरॉक

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. माझी नोकरी रेल्वेत, ब्रागांझा घाटात गेली. कॅसलरॉक ते कुळे. पावसाळ्यात गँगमन रात्रभर रुळांवरून गस्त घालतात. एका हातात कंदील किंवा टॉर्च, खांद्यावर झेंडे आणि फटाके. फटाके म्हणजे रुळावर लावायचे, गाडीचं चाक गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर थांबतो. धुकं इतकं की पुढचा माणूस दिसत नाही.

तिथे आम्ही काय बघायचो ते सांगतो. कड्यातून एरवी झिरपणारं पाणी एकदम बंद झालं, किंवा स्वच्छ पाणी गढूळ यायला लागलं, की लगेच कळवायचं. झाड कालच्यापेक्षा वाकडं दिसलं, कळवायचं. २३ जुलै २०२१ ला दूधसागर ते सोनाळीच्या मधे मंगळुरूहून मुंबईला निघालेल्या गाडीवर दरड आली, डबा घसरला, पण माणसं वाचली. फौजीसाहेबांनी ओढा आटल्याची खूण सांगितली तेव्हा अंगावर काटा आला. डोंगर वेगळा, खूण तीच.

येळ्ळूरकर

फौजीकाका आणि कॅसलरॉककाका, दोघांनी मिळून टिळकवाडीकरांच्या आई-बाबांबरोबरच जावं. एक पुढे शिट्टी घेऊन, एक मागे कंदील घेऊन. यात्रा सुखरूप!

टिळकवाडीकर

@येळ्ळूरकर, आई वाचून हसली. म्हणाली दोघांच्या जेवणाचं मी बघते, विचारून घे.

मार्कंडेय

खडकवेडीताई, माझे दोन प्रश्न. (१) हिमनद्या संपतच आल्या तर पुढे बर्फही नाही आणि दरडही नाही, असं होईल का? (२) हल्ली प्रत्येक गोष्टीला ढगफुटी म्हणतात. खरंच इतक्या ढगफुट्या होतात?

खडकवेडी

(१) शेवटी कदाचित, पण त्या 'शेवटी'च्या आधी बरीच शतकं आहेत आणि मधला काळच वाईट. हिमनदी दरीत असते तेव्हा दोन्ही बाजूंच्या कड्यांना टेकू देते. ती आटली की टेकू जातो, कडे दरीकडे झुकायला लागतात. स्वित्झर्लंडमध्ये आलेच हिमनदीच्या काठचा मूसफ्लू नावाचा अख्खा डोंगरउतार २०१६ च्या शरदात असाच वेगाने सरकायला लागला होता. शिवाय हिमनदी मागे जाताना दगडमातीचे बांध सोडून जाते, त्यांना हिमोढ म्हणतात. त्यांच्यामागे पाणी साठून सरोवरं होतात. बांध कच्चा, आत कधी कधी बर्फ गाडलेलं.

सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाकला ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री हेच झालं. सरोवराच्या बाजूचा गोठलेला हिमोढ सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर एवढा सुटून पाण्यात पडला, लाट उसळली, समोरचा बांध फुटला. खाली चुंगथांगचं तिस्ता-३ धरण वाहून गेलं. फौजीकाका तिथलेच ना?

(२) ढगफुटी म्हणजे लहानशा भागात तासाभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त पाऊस. वर पर्जन्यमापकच नसतात, तेव्हा मोजणार कोण? लोंढा आला की ढगफुटी म्हणून टाकतात. लेहमध्ये २०१० च्या ५-६ ऑगस्टच्या रात्री मात्र पावसानेच घात केला. तिथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. उतार उघडे, झाड नाही, सुटे दगड आणि वाळू पडून. अशा उतारावर आपल्या कणकुंबीच्या एका साध्या सरीएवढं पाणी पडलं तरी चिखलदगडांचा लोंढा होतो. घरं मातीची, सपाट छपरांची. दोनशेच्या वर माणसं गेली. कणकुंबीचा डोंगर असा पाऊस रोज पितो, त्याला सवय आहे, झाडी आहे, पाण्याला जुन्या वाटा आहेत. म्हणून 'किती मिलिमीटर' एवढ्यावर काही ठरत नाही, कुठल्या उतारावर तेही बघावं लागतं.

आणि अजून एक. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. शून्य अंशाची रेषाही वर सरकते. पूर्वी ज्या उंचीवर बर्फ पडायचं तिथे आता पाऊस पडतो. बर्फ पडून राहतं, महिनोन्‌महिने हळूहळू उतरतं. पाऊस त्याच क्षणी खाली येतो. साठलेल्या बर्फावर पाऊस पडला तर दोन्हींचं पाणी एकत्र. केदारनाथला २०१३ मध्ये तसंच झालं. त्या वर्षी मान्सूनने १६ जूनलाच अख्खा देश व्यापला, एरवी तेव्हा १५ जुलै धरायचे. वर बर्फ अजून होतं, त्यावर मुसळधार. देवळाच्या वरच्या चोराबारी सरोवराचा हिमोढ १७ जूनच्या सकाळी फुटला.

खानापूर_फौजी

होय ताई, चुंगथांगला दोन नद्या मिळतात, लाचेन आणि लाचुंग. संगमावर गुरुद्वारा आहे. धरण गेल्याचं ऐकलं त्या रात्री जुन्या सोबत्यांना फोन लावत बसलो होतो. आमच्यातले कितीतरी त्या रस्त्याने गेलेले. त्या लोंढ्यात लष्कराचे जवानही गेले.

थंड डोंगराचा विषय निघाला की मला हनुमंतप्पा आठवतो. लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पद, आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचा, मद्रास रेजिमेंटचा. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. सहा दिवसांनी त्याला पंचवीस-तीस फुटांखालून जिवंत काढला. ११ तारखेला दिल्लीत गेला. ती दरड नव्हती, हिमकडा होता, पण गेली ती आपल्या भागातली आई-बापांची पोरं.

चंदगडी_पाऊस

🙏🙏

शिवबसवनगर_मावशी

त्या आठवड्यात आमच्या शाळेत रोज सकाळी मुलांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली होती. मराठी माध्यम, कन्नड माध्यम सगळी एकत्र.

आल्प्समधला_बेळगावी

मी झुरिकजवळ राहतो, मूळचा अनगोळचा. इथल्या एका गोष्टीबद्दल लिहायला हवं.

लोचेन खोऱ्यात ब्लाटेन नावाचं गाव होतं, तीनशे वस्तीचं. मे २०२५ मध्ये वरच्या शिखराचे तुकडे सुटून बर्च हिमनदीवर पडायला लागले. दगडांचं वजन चढत गेलं, हिमनदी पुढे सरकायला लागली. १९ मे ला सगळं गाव रिकामं केलं, गुराढोरांसकट. २८ मे ला दुपारी हिमनदीच कोसळली आणि गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. एक माणूस गेला. तीनशेपैकी एक. घरं, चर्च, सगळं गेलं, पण माणसं राहिली.

इथे २००३ चा उन्हाळा लोक अजून विसरले नाहीत. त्या उष्णतेच्या लाटेत आल्प्समध्ये जिकडे तिकडे कडे सुटले, मॅटरहॉर्नवरही दरड कोसळून चढाई थांबवावी लागली होती. २३ ऑगस्ट २०१७ ला पिझ चेंगालोचा तीसेक लाख घनमीटरचा कडा पडला तेव्हा आठ गिर्यारोहक गेले, बोंडो गावात लोंढा शिरला.

नॉर्वेतलं उदाहरण तर धीराचं आहे. वेस्लेमानेन नावाच्या कड्यावर रडार लावून ठेवलं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी गोठलेला थर जास्तीत जास्त खोल सुटतो, त्यात शरदातला पाऊस, की कडा वेगाने सरकायचा. रडारने सांगितलं की खालची घरं रिकामी करायची. पाच वर्षांत सोळा वेळा लोकांना बाहेर काढलं, आणि बहुतेक वेळा कडा पडलाच नाही. शेवटी ५ सप्टेंबर २०१९ ला पडला. कुणालाही खरचटलं नाही. सोळा वेळा घर सोडणाऱ्या त्या लोकांचं मला फार कौतुक वाटतं.

गडगा

आपल्याकडे दोनदा इशारा देऊन दरड आली नाही तर तिसऱ्यांदा माणूस घर सोडत नाही. आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? शाळेच्या खोलीत चार दिवस झोपायचं, गोठ्यातली म्हैस कुणी पिळायची? गुरांची सोय केली तर माणसं निघतील, ते ब्लाटेनवाल्यांना बरोबर कळलं.

खडकवेडी

@गडगा, अगदी बरोबर मुद्दा. आपल्याकडेही काम सुरू झालंय. मुन्नारला उतारात सेन्सर पुरून पाण्याचा दाब आणि हालचाल मोजतात, गंगटोकच्या चांदमारीतही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूस्खलन अंदाज केंद्र २०२४ मध्ये कोलकात्यात उघडलं. पण अंदाज बहुतेक पावसावर बेतलेले. आपल्या घाटांना ते पुरेल. उंच हिमालयात पावसाबरोबर खडकाच्या आतलं तापमान मोजावं लागेल, भोकं पाडून, वर्षानुवर्षं. आल्प्समध्ये अशा नोंदी तीस-चाळीस वर्षांच्या आहेत. हिमालयात फारच थोड्या. माझी तळमळ एवढीच आहे की हे काम आपल्या पिढीत मोठ्या प्रमाणावर सुरू व्हावं.

मार्कंडेय

थंडी कमी झाली तर वाईट. मग बर्फच कमी पडलं एखाद्या हिवाळ्यात, तर निदान तेवढं चांगलं ना?

खडकवेडी

तसं सरळ नाही. जाड बर्फ जमिनीवर पांघरूण घालतं. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच पडलं तर उन्हाळ्याची ऊब आत अडकते. उशिरा पडलं किंवा कमी पडलं तर गारठा खोल शिरतो, पर्माफ्रॉस्टला ते बरं, पण उघड्या खडकात गोठणं-वितळणं वाढतं. उताराची दिशा, उंची, खडकाचा प्रकार, सगळं बघावं लागतं.

निपाणीची_सून

बराच वेळ नुसती वाचत होते. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो, ते सांगते.

बद्रीनाथहून उतरताना पिपळकोटीच्या अलीकडे रस्ता बंद. पाऊस आदल्या दिवशीच थांबलेला, ऊन कडक. तरी दरड चालूच होती. एकदम नाही, रेतीची धार लागावी तशी, मधेच एक मोठा दगड. दोन जेसीबी दोन बाजूंनी. ते पाच फूट साफ करायचे, वरून तीन फूट यायचं. गाड्यांची रांग नजर पोचेल तिथवर. गावातल्या बायकांनी मोठ्या पातेल्यात चहा करून आणला, पैसे घेईनात. आमच्याकडच्या चकल्या आणि तंबिटाचे लाडू मग रांगेत फिरले. सासऱ्यांची बीपीची गोळी मोठ्या बॅगेत, बॅग टपावर ताडपत्रीखाली. ती काढायला तास गेला. म्हणून टिळकवाडीकरभाऊ, औषधं, पाणी, एक शाल आणि थोडं खायचं मांडीवरच्या पिशवीत ठेवा. हा सगळ्यात कामाचा सल्ला समजा.

दुसरं, आमच्या यात्रा कंपनीने कार्यक्रम इतका घट्ट बांधला होता की एक दिवस गेल्यावर ड्रायव्हरला रात्री गाडी हाकायला लावत होते. आम्ही सगळ्यांनी मिळून नकार दिला. भांडण झालं, पण नाही गेलो.

खानापूर_फौजी

वहिनी, शाबास. रात्रीचा दगड दिसत नाही आणि शिट्टीवालाही नसतो.

टिळकवाडीकर

खूप शिकायला मिळालं, सगळ्यांचे आभार. आता मूळ प्रश्नाकडे येतो. खडकवेडीताई, स्पष्टच विचारतो. मे की ऑक्टोबर?

खडकवेडी

स्पष्टच सांगते. तुमच्या आई-बाबांचा प्रवास बहुतेक हजार ते साडेतीन हजार मीटरच्या पट्ट्यात. केदारनाथ ३५८३ मीटरवर, ते सगळ्यात उंच. पर्माफ्रॉस्ट त्याच्या बराच वर. चमोलीसारखी घटना कुठल्या महिन्यात होईल सांगता येत नाही, पण ती फार विरळा. त्यावरून महिना ठरवू नका.

रोजचा धोका रस्त्यालगतच्या दरडींचा, आणि तो गडगा म्हणतात तसा कापलेला उतार अधिक पाऊस. इस्रोने २०२३ मध्ये भूस्खलनाचा नकाशासंग्रह काढला, त्यात देशात पहिला जिल्हा रुद्रप्रयाग, दुसरा टिहरी. केदारनाथ रुद्रप्रयागमध्येच. ऑगस्ट २०२३ मध्ये गौरीकुंडजवळ रात्री दरड येऊन दुकानं वाहून गेली. म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नको म्हणजे नको.

उरले मे आणि ऑक्टोबर. मे मध्ये बर्फ उतरत असतं, दुपारी ओढे फुगतात, दगड सुटतात, पण पाऊस सहसा कमी. गर्दी मात्र अफाट. ऑक्टोबरमध्ये उतार पावसाळाभर भिजून आता वाळत असतात, पहिले काही आठवडे निपाणीच्या वहिनींनी पाहिलं तसं सुरूच राहतं. आणि मान्सून गेला म्हणजे पाऊस गेला असं नाही. २०२१ मध्ये १७ ते १९ ऑक्टोबरला पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारं पावसाचं हवामान) आला, उत्तराखंडातल्याच मुक्तेश्वरला एका दिवसात ३४०.८ मिलिमीटर पडला. पण असा पाऊस दोन-तीन दिवस आधी हवामान खातं सांगतं, त्या वेळीही सांगितलं होतं.

वय बघता मी आई-बाबांना ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर नेलं असतं. गर्दी कमी, आकाश स्वच्छ. थंडी जास्त, तेवढं सांभाळायचं.

गडगा

ऑक्टोबरला माझंही मत. आणि कार्यक्रमात दोन-तीन दिवस रिकामे ठेवा. रस्ता बंद पडला तर त्या दिवसांतून खर्च करायचे.

खानापूर_फौजी

पहाटे निघायचं, दुपारी दोनच्या आत मुक्कामाला पोचायचं. नदीकाठचं हॉटेल स्वस्त मिळालं तरी नको, ओढ्याच्या तोंडाशी असलेलं तर अजिबात नको. उंच आणि रुंद जागा बघा. मुक्कामाला पोचल्यावर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी पूर्वी कुठवर आलं होतं.

टिळकवाडीकर

ठरलं. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, भाऊबीजेला केदारनाथची दारं बंद व्हायच्या आधी तारीख बसते का ते पंचांगात बघतो. दोन दिवस नाही, तीन दिवस रिकामे ठेवतोय. मामाला आजच सांगतो, तो थोडा रागवेल.

निपाणीची_सून

यात्रेची नोंदणी सक्तीची आहे, ती आधी करून घ्या. आणि केदारनाथला आईंसाठी घोडा की पालखी ते आधीच ठरवा. गौरीकुंडात पोचल्यावर घासाघीस करत बसलात तर सकाळ तिथेच जाते.

टिळकवाडीकर

वहिनी, पालखीच. घोड्यावर बसायला ती तयार नाही. पालखीचे दर कुठे कळतील, तेवढं सांगाल का?

निपाणीची_सून

दर सरकारी ठरलेले असतात, गौरीकुंडातल्या काउंटरवर पाटी लावलेली असते. पावती तिथूनच घ्या, रस्त्यात कुणालाही रोख देऊ नका. बाकी फोनवर बोलू, निरोप पाठवते.